लेखी दिलेली चूक

मेलबर्नमध्ये मी फुटबॉल कोच आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी खुलतो आणि दोन वाक्यांत विझतो. त्याला वाटतं फूटी, म्हणजे लांबट चेंडूचा तो इथला खेळ, ज्याच्यावर हे शहर जीव टाकतं. मी म्हणतो, नाही, गोल चेंडू. "ओह, सॉकर," असं म्हणून तो हवापाण्याकडे वळतो. आमच्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावरही हाच न्याय होता. फूटीवाल्यांना मोठं ओव्हल, दिवे, गरम पाण्याचे शॉवर. आम्हाला त्याच्या मागचा तुकडा, तोही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरता. हाफटाइमपर्यंत आम्ही चढावर खेळायचो आणि नंतर उतार आमच्या वाट्याला यायचा, तेव्हा कोणाच्या पायात जीव उरलेला नसायचा.

टीम म्हणजे बहुतेक बाहेरून शिकायला आलेली मुलं. नेपाळी, पंजाबी, कोलंबियन, व्हिएतनामी, आणि फूटीत निवड न झालेले दोन ऑस्ट्रेलियन. सगळ्यांना अभ्यास, सगळ्यांना नोकरी. मॅच शनिवारी आणि शिफ्टही शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळपासून माझा फोन वाजायला लागायचा. सॉरी कोच, रोस्टर बदललं. सॉरी कोच, असाइनमेंट आहे. अकरा माणसं जमवणं हेच माझं खरं कोचिंग होतं, डावपेच वगैरे नंतर. गेल्या सीझनला आम्ही सलग सात मॅच हरलो, त्यातल्या दोन तर नऊ जणांनी खेळलो. हरण्याचं मला काही वाटत नाही असं मी लोकांना सांगायचो. ते खोटं आहे. मला हरणं अजिबात सहन होत नाही. मी टचलाइनवर उभा राहून इतका ओरडायचो की एकदा पलीकडच्या फूटीवाल्यांनी येऊन, मेट, ऑल गुड ना, असं विचारलं होतं.

पण मुलांना माझं ओरडणं चालायचं. आमचा कॅप्टन नेपाळचा, वृद्धाश्रमात काम करणारा, माझ्याशी हिंदीत बोलणारा. कोच म्हण असं शंभरदा सांगूनही तो मला सरच म्हणायचा. तो एकदा बूट सोडताना म्हणाला, "सर, काम पे सब अपने फायदे के लिए चिल्लाते हैं. हफ्ते में एक आप ही हो जो मेरे फायदे के लिए चिल्लाते हो." त्यानंतर आठवडाभर मी कोणावर ओरडलो नाही, आणि आम्ही पाच-शून्य हरलो.

माझं कंत्राट दर वर्षी नोव्हेंबरात संपायचं आणि दर वर्षी कोणीतरी ते गुपचूप पुढे ढकलायचं. गेल्या ऑगस्टमध्ये मात्र ईमेल आली. सगळ्या टीम्सचा रिव्ह्यू होणार, कोणत्या ठेवायच्या ते ठरणार, आणि त्याबरोबर कोचेसची कंत्राटंही. त्या वर्षी बाहेरची मुलंच कमी आली होती, तेव्हा कुऱ्हाड कुठे पडणार हे कळायला ज्योतिषी नको होता. टीम राहिली तर मी राहणार, टीम गेली तर मीही गेलो, असं माझं साधं गणित होतं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी. स्टुडंट व्हिसावर आलो, मास्टर्स केलं, पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळवली, आयटी सपोर्टमध्ये चिकटलो, तिथून काढलं गेल्यावर कोचिंगचं लायसन्स काढलं. आता चौथ्यांदा नव्याने सुरुवात करायची मला भीती वाटायची. क्रेगीबर्नच्या घरी बायकोची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी होती म्हणून चूल पेटती राहिली असती. पण दुपारी बाराला घरात बसलेल्या नवऱ्याचं तोंड कसं दिसतं ते तिने एकदा पाहिलं होतं, आणि मीही आरशात पाहिलं होतं.

ईमेलसोबत एक फॉर्म होता. स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करायचं. काय जमलं, काय जमलं नाही, जबाबदारी कोणाची.

इथे मला वसईबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं तो निव्वळ मूर्खपणा वाटेल. आमच्याकडे प्रत्येक चर्चच्या आसपास एक मैदान आणि प्रत्येक मैदानाची एक टीम. आमच्या टीमला शाळेतले पीटीचे सर शिकवायचे. मॅच हरलो की टेम्पोत चढायच्या आधीच मुलांची जुंपायची. तू पास दिला नाहीस, तू पेनल्टी घालवलीस, तुझा बाप आठवला का तुला. दोघं-तिघं एकमेकांच्या कॉलरला हात घालेपर्यंत सर थांबायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, "चूक माझी आहे. मी टीमच चुकीची लावली." एवढं बोलून गप्प. की लगेच सुरू व्हायचं. नाही सर, तुमची कसली चूक, मीच मागे राहिलो. नाही सर, माझा पाय घसरला. ज्याने पेनल्टी घालवलेली असायची तो रडायचा. टेम्पो गावात पोचेपर्यंत सगळ्यांनी आपापला वाटा उचललेला असायचा आणि सरांकडे काहीच उरायचं नाही. हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही, ते अंगातच मुरलं. मोठ्या माणसाने सगळं आपल्या डोक्यावर घ्यायचं, बाकीच्यांनी ते उतरवून घ्यायचं. गावच्या कमिटीच्या मीटिंगमध्येसुद्धा असंच. "माझं चुकलं" म्हणणाऱ्याला कोणी काढल्याचं मी वसईत पाहिलं नाही. काढायचे ते "माझं काय चुकलं?" असं विचारणाऱ्याला.

तेव्हा मी तसंच लिहिलं. रविवारी दुपारी किचनच्या टेबलावर बसून, मन लावून. पराभवाची जबाबदारी पूर्णपणे माझी. ट्रेनिंगची पद्धत माझी चुकली. मुलं टिकत नाहीत कारण मला त्यांना धरून ठेवता आलं नाही. शिफ्ट, व्हिसा, उतरतं मैदान, यातलं अक्षर लिहिलं नाही. मुलांकडे बोट जायला नको होतं. शेवटी लिहिलं, या मुलांना जे मिळायला हवं ते मी देऊ शकलेलो नाही, आणि आहे तशी ही टीम पुढे चालणं कठीण आहे. त्या वाक्यावर मी खूश होतो. ते वाचून कोणीतरी विचारणार, मग काय लागेल तुला? आणि मी सांगणार: प्रॅक्टिसची वेळ बदला, एक मिनीबस द्या, एक असिस्टंट द्या. तशी यादीसुद्धा मी वेगळ्या कागदावर करून ठेवली.

बायकोने लॅपटॉप आपल्याकडे वळवून वाचलं. तीही वसईचीच, पण तिला इथल्या ऑफिसांची माझ्यापेक्षा जास्त जाण आहे.

"हा कबुलीजबाब आहे," ती म्हणाली. "पोलीस पण इतकं स्वच्छ लिहून घेत नाहीत."

"असंच लिहायचं असतं."

"इथे 'नाही हो, तुमची कसली चूक' म्हणायला कोण बसलंय?"

"तुला खेळातलं काय कळतं?"

"खेळातलं नाही कळत. फॉर्ममधलं कळतं," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला मागे गेली. मी सेंडचं बटण दाबलं. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते नेहमी नंतर आठवतं.

तीन आठवड्यांनी मॅनेजरचा मेसेज आला, या आर्वोला, म्हणजे दुपारी, थोडा वेळ आहे का? माझा मॅनेजर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याला खलनायक करायची मला फार इच्छा आहे, पण तो तसा नाही. त्याने माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली होती, साखर किती तेही त्याला आठवत होतं. माझा फॉर्म त्याच्यासमोर छापील होता आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ.

तो म्हणाला, इतका प्रामाणिक रिव्ह्यू त्याने आजवर वाचला नव्हता. बाकीच्या सगळ्या कोचेसनी मैदानाला, बजेटला, मुलांना दोष दिला होता. मी एकट्याने खरं लिहिलं होतं. रिव्ह्यूच्या कमिटीत टीमवरून मतं फुटली होती, तेव्हा त्याने माझंच वाक्य वाचून दाखवलं, आणि प्रश्न सुटला. कोच स्वतःच म्हणतो आहे की टीम चालणार नाही, मग ती ओढत नेणं मुलांवर अन्याय. पुढच्या सीझनपासून टीम बंद. आणि असं स्वतःकडे पाहू शकणारा माणूस त्यांना हवाच होता, म्हणून माझ्यासाठी विद्यार्थी विभागात जागा काढली होती. वर्षाचं कंत्राट नाही, कायमची नोकरी. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. तो खरोखर आनंदात होता.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हणालो.

"यातलं काय खरं नाहीये, मेट?" त्याने विचारलं. खोचकपणे नाही, समजून घ्यायला म्हणून विचारलं.

मी फॉर्म पुन्हा वाचला. एकेक वाक्य खरं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. ते वाक्य मी दुसऱ्याने खोडावं म्हणून लिहिलं होतं, हे मी याला कसं सांगणार? सांगितलं असतं तर त्याने अगदी वाजवी प्रश्न केला असता की मग लिहिलंसच कशाला. माझ्या शर्टाच्या खिशात ती मिनीबसची यादी होती. मला एवढंच करायचं होतं, ती काढून टेबलावर ठेवायची. म्हणायचं, माझी जागा नको, टीम ठेवा, हवं तर दुसरा कोच आणा. मी तोंड उघडलं सुद्धा. आणि मी विचारलं, "नवीन काम कधीपासून सुरू होईल?"

ते वाक्य माझ्या तोंडून कसं आलं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात गूढ काही नाही. मी घाबरलेलो होतो आणि समोर कायमची नोकरी होती.

घरी सांगितलं तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आणि लगेच तिला त्याची लाज वाटलेली दिसली. तुला म्हटलं होतं ना, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता आलं असतं. तिने नुसतं विचारलं, "पोरांना कधी सांगणार?"

बुधवारी प्रॅक्टिस होती. नेमके त्या दिवशी चौदा जण आले, अख्ख्या सीझनमध्ये इतके कधी आले नव्हते. रिव्ह्यू चालू आहे एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून एकमेकांना फोन करून, शिफ्ट बदलून आले होते, टीममध्ये जीव आहे हे दाखवायला. मी वॉर्म-अप होऊ दिला. पासिंगही होऊ दिलं. त्यांनी इतकं छान खेळू नये असं मला वाटत होतं. मग सगळ्यांना मधे बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की पुढच्या सीझनला टीम नाही.

कोलंबियन मुलगा खाली बसला आणि मोज्यात अडकलेलं गवत काढत राहिला. दोघा ऑस्ट्रेलियनांपैकी एकाने शिवी घातली आणि लगेच सॉरी म्हणाला. माझी नोकरी राहिली आहे हेही मी सांगितलं, कारण ते त्यांना कळणारच होतं. त्यावर दोघं-तिघं पुढे येऊन हात मिळवून गेले, मनापासून. पक्की नोकरी म्हणजे काय हे त्या पोरांइतकं कोणाला कळणार.

सगळे पांगल्यावर कॅप्टन मागे राहिला. तो गोलपोस्टची जाळी सोडवायला मदत करत होता. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"सर, आपसे पूछा नहीं उन्होंने?" त्याने विचारलं. "टीम के बारे में?"

वसईच्या सरांचं वाक्य म्हणायची हीच जागा होती. चूक माझी आहे, मी लिहून दिलं. ज्या कमिटीला माझी चूक नको होती तिला मी ती टाइप करून दिली होती, आणि ज्याला ती सांगायला हवी होती तो समोर जाळीची घडी घालत उभा होता.

"नहीं," मी म्हणालो. "नहीं पूछा."

त्याने मान हलवली. त्याला तसंच वाटलं होतं.

"पूछते तो आप बचा लेते, सर," तो म्हणाला, आणि घडी माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, हो.