हिरामणचे तळवे

निर्मळ गावात हिरामणची ओळख करून द्यायची तर लोक एकच वाक्य बोलत, "हा डोळे मिटून माड चढतो." पैज लागली की तो खरंच चढायचा, आणि वरून शहाळं पाडूनच डोळे उघडायचा. पंधराव्या वर्षी बापाने त्याला पहिल्यांदा माडाला लावलं तेव्हा खालून दटावलं होतं, "पायाकडं बघू नको. पायाला आपलं आपलं कळतं." त्यानंतर सदतीस वर्षं हिरामणने पायाकडे बघितलं नाही. खोडात कोयत्याने पाडलेल्या खाचा तळव्याला आपसूक सापडायच्या. कुठली खाच कुजून भुसभुशीत झालीय, कुठे शेवाळ धरलंय, कुठे मुंग्या आहेत, हे टेकल्या टेकल्या कळायचं.

आता कळत नव्हतं, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग पायात जाडे मोजे घातल्यासारखं वाटू लागलं, अनवाणी असला तरी. एकदा बाजारातून घरी आला तर बायको मालन ओसरीवरून म्हणाली, "अहो, एक चप्पल कुनाला दान केलीत?" त्याने खाली बघितलं. डावा पाय उघडा. चप्पल कधी निसटली, किती लांब तो तसाच चालत आला, काहीच पत्ता नव्हता. मालन हसली, तोही हसला. पण त्या रात्री तो बराच वेळ पायाचा अंगठा चिमटीत धरून बसला होता.

मग स्कूटरचं झालं. स्टँडवर चढवताना घोट्याच्या वरची कातडी सायलेन्सरला चिकटून राहिली. त्याला आधी वास आला. कुठे काय जळतंय म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि मग पाय दिसला. मालनला म्हणाला, "खिळा घासला."

तेव्हापासून तो मान वाकडी करून, प्रत्येक खाच डोळ्यांनी हेरून चढायला लागला. वेळ दुप्पट लागायचा. लोक म्हणाले, वय झालं.

साखर तीन वर्षांपूर्वीच निघाली होती. गोळ्या आठवण आली की घ्यायच्या, असा हिशेब. पण ऋतिका, त्यांची एकुलती एक, फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला गेली आणि घरात रोज पायांची चौकशी सुरू झाली. रविवारी सकाळी तिने बापाला खाटेवर आडवं केलं.

"बाबा, डोळे मिट. कापूस लागला की हो म्हणायचं."

"परीक्षा तुझी, आन पाय माझे."

"बोलू नको. लक्ष दे." मग तिलाच राहवलं नाही. "कातडी एकच दिसते ना, पण आत खबर देणारे रिसेप्टर वेगवेगळे असतात. हलक्या स्पर्शाचे वेगळे, दाबाचे वेगळे, गरम-थंडाचे वेगळे, दुखण्याचे वेगळे. आणि स्नायूंत, सांध्यांत अजून वेगळे. डोळे मिटले तरी हातपाय कुठे आहेत ते त्यांच्यामुळे कळतं."

"म्हंजे आत लाइटमनच बसलेत."

"बसलेत. आणि साखर वाढली की सगळ्यात लांब वायर आधी खराब होते. पायाची."

हिरामणच्या काखेत घाम आला. तो कान देऊन पडून राहिला, आणि कानानेच त्याला वाट दाखवली. ऋतिकाच्या मनगटात दोन पातळ बांगड्या होत्या. कापूस टेकवायला हात पुढे आला की त्या किणकिणायच्या. किण्, "हो." किण्, "हो." एकही चुकला नाही.

मग तिने अंगठा दोन बाजूंनी धरला. "आता सांग, वर नेलाय की खाली?"

इथे बांगडी काही सांगेना. त्याने पापण्या केसभर किलकिल्या केल्या. "वर. खाली. खाली. वर."

"टेन आउट ऑफ टेन!" पोरगी एवढी खूश झाली की खरं सांगणं त्याच्या जिवावर आलं. माड चढायचं बंद झालं तर हिरामण म्हणून उरतं काय, हे त्याला सांगता आलं नसतं, आणि तिने विचारलंही नव्हतं.

मंगळवारी दुपारी कुंपणापलीकडून आग्नेलने हाक मारली. आग्नेल सत्तरीचा, शेजारच्या वाडीचा मालक. दुसऱ्या दिवशी त्याच्या नातीचं, टिफनीचं लग्न. वाडीत मंडप घालायचा तर त्याच्यावरचे माड आधी उतरवायचे, पिकलेले नारळ आणि सुक्या झावळ्या काढायच्या, पाहुण्यांच्या डोक्यात काही पडू नये म्हणून. हा या वाड्यांचा जुना शिरस्ता. आग्नेलच्या लग्नाचे माड हिरामणच्या बापाने उतरवले होते, त्याच्या मुलाच्या, जॅक्सनच्या लग्नाचे हिरामणने.

"जॅक्सन बोलतो मशीन लावून चढनाऱ्याला बोलव," आग्नेल म्हणाला. "मी बोललो, हिरामन असताना मशीन? दोनच माड हायेत. घटकाभराचं काम."

"मशीनवाल्याला माडाची लाज नाय," हिरामण म्हणाला. कमरेला आकडी बांधली, तिच्यात कोयता अडकवला, आणि निघाला.

मालन मागून म्हणाली, "ऋतिका येऊ द्या, मग जा."

"ती काय मला खांद्यावर घेनार हाय?"

पहिला माड मंडपाच्या कडेला, दोन मजले उंच. हिरामणने खोडाला हात लावून हात कपाळाला नेला आणि चढू लागला. उजवा पाय, बघितला, टेकवला. डावा पाय, बघितला, टेकवला. तळव्याखाली खोड होतं की हवा, ते डोळ्यांनीच पटवायचं. हात मात्र शाबूत होते. खोडाचा खरखरीतपणा, दुपारच्या उन्हाची धग, सगळं तळहाताला कळत होतं. हातांच्या जिवावर तो शेंड्याशी पोचला. डावा हात खोडाभोवती, उजव्या हातात कोयता. पहिला घड सुटला, दणकन जमिनीवर आदळला. दुसरा. खालून कोणीतरी शिट्टी वाजवली.

खाली बघितलं तर ऋतिका उभी. सायकल आडवी पडलेली, चाक अजून फिरतंय. ती ओरडली नाही. नुसती वर बघत होती, एक हात तोंडावर. मालनने तिला स्कूटरच्या सायलेन्सरवर चिकटलेली कातडी दाखवली असणार, हे त्याला तिथेच समजलं.

'एवढी एक झावळी काढतो आन उतरतो.' त्याने सुकी झावळी खेचली. तिच्या बुडाची गोणपाटासारखी जाळी टर्रकन फाटली आणि आतला वर्षभराचा भुसा भसकन त्याच्या तोंडावर आला.

दोन्ही डोळ्यांत कोणी निखारा कोंबावा तशी आग. पापण्या घट्ट मिटल्या, उघडेनात. त्याने मान खांद्याला घासली, आग वाढली. कोयता हातातून सुटला, खाली खण्णकन वाजला. दोन्ही हातांनी त्याने खोड कवटाळलं.

आणि त्याला कळलं, की आपल्याला पाय नाहीत.

मांड्या होत्या. गुडघे होते, खोडाला दाबलेले. त्याच्या खाली काही नव्हतं. पाय खाचेत आहेत का, अर्धे निसटलेत का, टाच टेकलीय की लोंबतेय, कसलीच खबर येत नव्हती. जिथे दुखायला हवं तिथे मुकं, आणि डोळ्यांतला कणभर भुसा अख्खं डोकं फोडत होता. वारा आला. माड हलला, पोट हललं, पाय हलले की नाही देव जाणे.

"हिरामन, अरे उतर!" आग्नेल ओरडला.

"आग्नेलकाका, गप्प बसा. कोणी बोलू नका." ऋतिकाचा आवाज. मग अगदी खोडाच्या बुडाशी येऊन, "बाबा. दिसत नाहीये ना?"

"नाय."

"पाय कळतायत?"

खाली पंधरावीस माणसं. मंडपवाले, जॅक्सन, सगळे.

"बाबा, पाय कळतायत का?"

"नाय."

"ठीक आहे. मला दिसतायत. दोन्ही खाचेत आहेत. ऐकतोयस? दोन्ही आत आहेत. हात सोडू नको. आता उजवा गुडघा वाकव. हळू. पाय खाली येतोय... अजून... चार बोटं... थांब. आता खोडाकडे घे. आत. टेकला."

"टेकला?"

"टेकला. भार दे."

सदतीस वर्षांत त्याने दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून भार टाकला नव्हता. गुडघा पुढे रेटला. खाचेने भार पेलला.

"आता डावा. वाकव. खाली... बाहेर जातोय, आत घे. अजून आत. नाही! थांब, वर घे, वर!" तिचा आवाज चिरकला. गुडघा हिसडला, छातीची कातडी खोडाला सोलवटली. ते मात्र छान कळलं. तो धापा टाकत तसाच चिकटून राहिला. दंडांना गोळे यायला लागले होते.

"बाय," तो म्हणाला, "हात दमले."

"माहितीये. बोलू नको. बारा खाचा राहिल्यात. डावा पुन्हा."

अकरा. दहा. तिने प्रत्येक वेळी 'टेकला' म्हटल्याशिवाय त्याने भार दिला नाही. शेवटच्या दोन खाचा उरल्या तेव्हा तिचा आवाज अगदी जवळून यायला लागला, आणि मग कोणीतरी गुडघे घट्ट धरल्याचं कळलं. जॅक्सनने त्याला कमरेतून उचलून खाली घेतलं.

मंडपातल्या खुर्चीवर त्याला बसवलं. टिफनीने घमेल्यात पाणी आणलं, ऋतिकाने डोळे धुतले, धुतले, आणि ओला टॉवेल दुमडून वरून बांधला. आग्नेल समोर येऊन बसला, त्याचा श्वास अजून लागत होता.

"नातीच्या लग्नात तुझ्या वाटची पन मलाच प्यायला लावनार होतास काय रे, मेल्या?"

ऋतिकाने त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला. किण् असं वाजलं.

"हो," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "बाबा, मी काहीच लावलेलं नाही."

मग बांगड्या निघाल्या. एक, आणि दुसरी. शेजारच्या खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला.

"अंगठा धरलाय," ती म्हणाली. "वर की खाली?"

टॉवेलखाली अंधार होता. त्याने सगळं मन त्या अंगठ्यापाशी नेलं, आडात पोहरा सोडावा तसं, खाली, अजून खाली. पाणी लागेना.

"नाय कळत," तो म्हणाला.

"आता?"

"नाय कळत, बाय."

तिने पाय खाली ठेवला नाही, तसाच धरून राहिली. हिरामणने मान वळवली, आग्नेल जिथे बसला होता त्या बाजूला.

"आग्नेलदादा," तो म्हणाला, "दुसऱ्या माडाखालच्या खुर्च्या हलवायला सांग. आन जॅक्सनला म्हनावं, उद्या सकाळी मशीनवाल्याला बोलव. कुठली झावळी ओढायची नाय, ते मी खालून सांगेन."