खिळेमास्तरांची टाळू

जुने सोफे-खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली खिळेमास्तर म्हणायची. मूठभर बारीक खिळे तोंडात कोंबायचे, एकेक खिळा जिभेने टाळूवर फिरवून खिळ्याचं डोकं पुढे करून ओठांत आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठाक! त्यामुळे वरच्या दातांमागे जिभेला फुगवटा लागला तेव्हा मास्तरांनी ठरवूनच टाकलं, खिळा रुतलाय. आरशासमोर आ वासून त्यांनी हातोडीचं चुंबक टाळूला लावलं. खिळा कसला येतोय! बायकोने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? चला दवाखान्यात."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. खिळा नव्हताच. हाडात बदामाएवढी पोकळी होती.

"पाण्याची गाठ आहे, क्वचितच होते. बहुधा साधीच असेल, पण काढून तपासायला पाठवू. मात्र तिथली नस कापावी लागेल. दातांमागची जागा बधिर होईल, कदाचित कायमची."

त्या 'बहुधा'ने मास्तरांची झोप उडवली. ऑपरेशन झालं. टाळूची कातडी उचलून गाठ सोलून काढली, टाके घातले. रिपोर्ट येईपर्यंत ते दुकानात येरझारा घालत, गिऱ्हाइकांवर खेकसत, आणि कोणी तब्येत विचारली की "मला काय धाड भरलीये!" म्हणत.

रिपोर्ट आला. गाठ साधीच निघाली. बायकोला रडू फुटलं. मास्तर तडक दुकानात गेले आणि त्यांनी खिळे तोंडात टाकले. जिभेला खिळा कळत होता, टाळूला काहीच नाही. डोकं कुठे नि टोक कुठे, पत्ता लागेना. पहिलाच खिळा ओठात घुसला. मास्तरांनी सगळे थुंकून टाकले आणि हातोडी भिरकावली.

दुसऱ्या दिवशी बायको शेजारी बसून वाटीतला एकेक खिळा हातात देऊ लागली. काम गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत होतं. मास्तर धुसफुसत होते.

"जाईल हळूहळू बधिरपणा," ती म्हणाली.

"आणि नाही गेला तर?"

"तर मी आहे ना. इतकी वर्षं कामावर बसलात की तोंडात खिळे. आज तोंड मोकळं आहे, तर बोला की काहीतरी."

मास्तरांचा हात थांबला. मान खाली घालूनच ते म्हणाले, "मरतो आता, असं वाटलं होतं गं. फार घाबरलो होतो."

पुढचा खिळा द्यायचं ती विसरून गेली.