भाटघरच्या नाक्यावरची चिठ्ठी

देवाने माझं ऐकलं की माझी परीक्षा घेतली, हे लॉकडाऊनच्या त्या दिवसांत मला काही केल्या कळत नव्हतं. मी किकवीचा. वरव्याजवळच्या एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो. कुठलीही गोष्ट उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही लहानपणापासूनची खोड. पण स्वतःच्या बाबतीत मात्र वीस वर्षं मी एक प्रश्न कधी विचारला नाही. रोज संध्याकाळी दारू का लागते? पुढे पुढे तर सकाळीसुद्धा लागायला लागली. मशीनवर हात स्थिर राहावा म्हणून घोटभर घ्यायची, असं मी स्वतःला सांगत असे.

कोरोनाने सगळं बंद झालं, तशी दारूची दुकानंही बंद झाली. मला वाटलं, हा भैरवनाथाचाच कौल. घरात अर्धी बाटली उरली होती, ती मी बायकोदेखत परसात ओतली. देवळाला कुलूप होतं, म्हणून बाहेरच्या पायरीवर नारळ फोडला आणि म्हणालो, "देवा, आता पुन्हा तोंडाला लावणार नाही. जे व्हायचं ते होऊ दे." मला फार अभिमान वाटला. आपण सगळं देवावर सोपवलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाम सुटायला लागला. हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताटलीतले पोहे तोंडापर्यंत जाईनात. दुपारी पडवीत बसलो असताना देवळातून टाळ-मृदंगाचा आवाज ऐकू आला. मी बायकोला म्हणालो, "भजन चाललंय बघ." ती म्हणाली, "देवळाला कुलूप हाय. गावात कुत्रंबी भुंकत न्हाई, आन् तुमाला भजन कुठनं ऐकू येतंय?" तरी आवाज थांबेना. मला वाटलं, देव बोलावतोय. सहन करायचं, एवढंच आपलं काम.

बायकोला वाटलं, कोरोनाच झाला. मी बाटली ओतली त्याच दिवशी तिने पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात फोन लावून बघितला होता. नवीन पेशंट सध्या घेत नाही, लॉकडाऊन उठल्यावर या, असं त्यांनी सांगितलं. आता तिने तिच्या भावाला बोलावलं. त्याचा दुधाचा टेम्पो होता आणि दुधाच्या गाड्यांना पास होता. मी नको नको म्हणत असताना दोघांनी मला टेम्पोत बसवलं आणि आम्ही कापूरहोळवरून भोरला निघालो.

भाटघरच्या अलीकडे नाका लावला होता. एक पोलीस होता आणि टेबलाशी ताप मोजायला एक बाई उभ्या होत्या. तोंडाला मास्क, वरून ओढणी घट्ट बांधलेली, डोळ्यांपुढे प्लॅस्टिकची काच. बायको घाईने सांगायला लागली, "ताप हाय, अंग कापतंय, कालपास्नं काय खाल्लं न्हाई." बाईंनी माझ्या कपाळासमोर यंत्र धरलं. मग ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, हात पुढं करा."

मी हात खिशात घातले होते ते काढले. त्यांनी ते नुसते बघितले.

"शेवटची कधी घेतली?"

मी ताठ मानेने म्हणालो, "सोडलीय मी. नवस केलाय. तीन दिवस झाले."

"नवस चांगलाय," त्या म्हणाल्या. "पर लई वर्साची दारू अशी एकदम तोडली तर माणूस दगावतो. तुमाला ठावं न्हाई का? ताप नावापुरता हाय तुमाला. तापाच्या लायनीत बसू नगा. डाक्टरला सरळ सांगा, दारू तोडलीय म्हणून. लाजू नगा."

मग त्यांनी नोंदवहीच्या मागच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर लिहिलं, 'दारू बंद, तीन दिवस. हात थरथर. भास होतात का विचारा.' चिठ्ठी माझ्या खिशात कोंबली. मागे गाड्या थांबल्या होत्या. आम्ही निघालो. भासाचं मी त्यांना काहीच बोललो नव्हतो. टाळांचा आवाज तेव्हाही कानात चालूच होता.

भोरच्या दवाखान्याबाहेर अंतर ठेवून काढलेल्या गोलांमध्ये तापाची मोठी रांग होती. माझ्या पुढे आमच्याच कारखान्यातला एक सुपरवायझर उभा होता. त्याने मान वळवून विचारलं, "काय हो, ताप का?" आणि मी म्हणालो, "व्हय, ताप." चिठ्ठी खिशात होती. किती साधी गोष्ट होती, आणि ती माझ्याच्याने होईना. कोरोना झाला म्हणून सांगायला लाज वाटत नव्हती. त्या दिवसांत लोक कोरोनावाल्याच्या घराकडे फिरकत नसत, तरी मला तेच बरं वाटत होतं. याचं मला आजही नवल वाटतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बायको माझ्या हातांकडे बघत होती. मग माझंच मला कळलं, की तीन दिवस मी देवाच्या नावाने सहन करतोय, पण खरं बोलायची वेळ आली तेव्हा देव आठवलाच नाही. मी गोलातून बाहेर आलो, दारातल्या नर्सबाईंकडे गेलो आणि सुपरवायझरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "मी दारुडा आहे. तीन दिवस घेतली नाही. मला कसंतरी होतंय." चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि लगेच आत घेतलं.

खाटेवर बसवून सुई टोचत असतानाच मला झटका आला. ते मला आठवत नाही, बायकोने नंतर सांगितलं. पाच दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "हा झटका रांगेत आला असता, तर काय झालं असतं सांगता येत नाही." दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी टाळ थांबले. मग मी खूप विचार केला. टाळांचा आवाज हा आजार होता आणि ती चिठ्ठी कृपा, हे मी कशावरून ठरवायचं? अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे त्याच पुण्याच्या केंद्रातले एक समुपदेशक रोज फोनवर बोलायला लागले. दारूची दुकानं पुन्हा उघडली, तेव्हा एकदा मी रांगेत जाऊन उभाही राहिलो. तिथूनच त्यांना फोन केला आणि बोलत बोलत घरी आलो. एवढं एक सोडलं तर सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि न घडणं हेच मोठं होतं.

पण त्या बाई कोण, हे मला स्वस्थ बसू देईना. मी त्यांचा चेहराही बघितला नव्हता. नाक्यावर जिची पाळी असे त्या अंगणवाडी सेविकेकडे गेलो. ती म्हणाली, "त्या दिवशी मला सर्दी होती, म्हणून माझी थोरली बहीण उभी राहिली. ती वेल्ह्याकडची. माहेरपणाला आली आन् हितंच अडकली. तेवढा एकच दिवस गेली ती नाक्यावर."

तेवढा एकच दिवस. मी तिच्याकडून ताईंच्या गावाचं नाव लिहून घेतलं.

एस.टी. सुरू झाल्यावर मी आणि बायको वेल्ह्याच्या पुढे त्यांच्या गावी गेलो. ताई भाताची रोपं उपटत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या बांधावर येऊन बसल्या. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"माझे मालक असंच गेले," त्या म्हणाल्या. "लेकीची सोयरीक जुळली, तिच्यासाठी त्यांनी दारू तोडली. कापायला लागले. म्या गोधड्या घातल्या, लिंबूपाणी दिलं. भिताडावर मुंग्या हायेत म्हणायचे. म्या म्हनलं, उतरंल आता. तिसऱ्या दिवशी अंगणात झटका आला. नंतर डाक्टरनं सांगितलं, कशानं झालं ते. तवापास्नं म्या माणसाचं तोंड बघत न्हाई, आधी हात बघते."

बायको रडायला लागली. ताई रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, तुमी देवाचं मानता. मग मला सांगा, माझ्या माणसाच्या येळंला वाटंत कोन का न्हाई आलं?"

आभार मानायला म्हणून मी काय काय ठरवून गेलो होतो. ते तसंच राहिलं. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, ताई."

"बरं झालं, उगा काय सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. मग त्यांनी घरी नेऊन जेवू घातलं. निघताना खालच्या आळीतल्या एका माणसाबद्दल सांगितलं, त्याला व्यसन सोडायचंय पण दवाखान्यात जा म्हटलं तर त्यांचं ऐकत नाही म्हणून. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा माझ्याबरोबर दवाखान्यात आला.

देवावर सोपवणं म्हणजे मुकाट्याने सोसणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, आपल्याला काय होतंय ते दुसऱ्या माणसाला खरं खरं सांगायचं आणि तो देईल तो हात धरायचा, यात बहुतेक सगळं येतं. माझा जीव वाचला, आणि तो ताईंच्या दुःखातून वाचला, याची मला रोज जाणीव असते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही. सकाळी भैरवनाथासमोर हात जोडले की स्वतःसाठी काही मागावंसं वाटत नाही. ताईंचा तो प्रश्न तेवढा त्याच्यासमोर ठेवतो आणि कामावर जातो.