पाहुणीची खुर्ची

मिठागर बुजवून तिथे कंटेनरचं यार्ड झालं आणि कृष्णाबाईचं काम गेलं. मीठ ओढण्यापलीकडे तिला दुसरं येत काय होतं? आता ती कुंपणालगतची रानभाजी खुडून विकते, आणि न्हावा शेवा बंदरातून येणारे ट्रेलर जगभरचा माल घेऊन तिच्या पाटीवर धूळ उडवत जातात.

गेल्या वर्षी परदेशी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने गावात पाहणी केली. सगळ्यात गरीब घरांना दोन शेळ्या आणि वर्षभराचं धान्य मिळणार होतं. पाहणीवाली बाई येणार म्हटल्यावर कृष्णाबाईने शेजारच्या कल्पिताकडून खुर्च्या, पंखा, कपबशा मागून आणल्या. दारी आलेल्या माणसाला जमिनीवर बसवायचं? छे! बाईने खुर्च्या आणि पंखा मोबाईलमध्ये नोंदवला, आणि कृष्णाबाईचं नाव यादीतून उडालं.

कल्पिता कपाळावर हात मारून म्हणाली, "अगो, खुर्च्या माझ्या हायत, इतकं तरी सांगायचंस!"

"पावनीला सांगू, मागून आणलेल्या खुर्चीवर बसवलंय म्हणून?"

यंदा पाहणी पुन्हा आली. कल्पिताने कृष्णाबाईच्याच भल्यासाठी खुर्च्या द्यायला साफ नकार दिला. मग कृष्णाबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि एक खुर्ची डोक्यावर घेऊन आली.

बाई त्या खुर्चीवर टेकली, चहा प्यायली. "छान गोड झालाय," म्हणाली.

घरातली होती नव्हती ती साखर त्या कपात गेली होती.