भुंगा बिळात शिरला तेव्हा...

मागच्या रविवारी भुंग्याला घेऊन तासगावला माहेरी गेले होते. भुंगा म्हणजे आमचा जॅक रसेल टेरिअर. वजन जेमतेम सहा किलो, रंग पांढरा, एका डोळ्याभोवती तपकिरी डाग... आणि अंगात दम एवढा की सांगलीच्या फ्लॅटमध्ये त्याला सांभाळणं ही माझी दुसरी नोकरीच आहे.

बघणाऱ्याला वाटतं, खेळण्यातलं कुत्रं, मांडीवर बसून राहत असेल. अजिबात नाही. ही जात मुळात बिळात शिरून शिकार करण्यासाठी तयार केलेली. सकाळी तासभर पळवलं नाही की दुपारी बाल्कनीतल्या कुंड्या उकरलेल्या सापडतात. बाहेर जाता येत नाही त्या दिवशी मी जुन्या टॉवेलात खाऊचे तुकडे गुंडाळून गाठी मारून देते. त्या सोडवण्यात त्याचं डोकं गुंततं... आणि मला चहा प्यायला मिळतो.

तर रविवारी दुपारी मी, भुंगा आणि माझे वडील अण्णा द्राक्षबागेत गेलो. अण्णा आता सत्तरीचे, मध्यंतरी अँजिओप्लास्टीही झाली आहे. भुंगा पट्टा ओढून ओढून घशातनं आवाज काढत होता, ते अण्णांना बघवेना.

"सोड की गं त्याला. वावर मोकळं हाय, जातंय कुठं?"

"अण्णा, याला वास लागला की हाक ऐकू येत नाही," मी म्हटलं. पण तोवर त्यांनी खाली वाकून हूक काढलासुद्धा.

भुंगा सुटला तो थेट बेदाण्याच्या शेडमागं, बांधाच्या कडेला. तिथं दगडांचा जुना ढीग आहे आणि त्याखाली घुशीचं बीळ. आम्ही पोचेपर्यंत नुसती शेपटी दिसत होती... मग तीही आत गेली.

पाठोपाठ जमिनीतनं भुंकणं ऐकू यायला लागलं. मी पोटावर झोपून हाका मारल्या. खाऊची पिशवी वाजवली. काही उपयोग नाही. उलट भुंकणं वाढलं आणि माती उकरल्याचा आवाज आणखी लांब गेला.

अण्णा कुदळ घेऊन आले आणि खणायला लागले. शेजारच्या मळ्यातले सदातात्या आवाज ऐकून धावत आले. "आवं अण्णा, तुमी बाजूला व्हा. मी खणतो," म्हणून त्यांनी हात पुढं केला, पण अण्णा कुदळ सोडायला तयार नाहीत.

"मी सोडलंय त्याला. मीच काढणार."

एक घाव घालायचे, की "भुंग्या, ये रं बाळा" म्हणून ओरडायचे. शर्ट घामानं चिंब झालेला. इकडं ढिगातला एक दगड खसकन खाली सरकला. आत भुंगा आणि बाहेर अण्णा... मला दोन्हीकडची भीती वाटायला लागली.

मी भुंग्याच्या सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. मी भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मागं ओरडतंय कोण?"

"माझे वडील. त्याला हाका मारतायत."

"आधी ते थांबवा. खणणंही थांबवा, वरून दगड बसतील. भुंकणं आतून स्पष्ट ऐकू येतंय म्हणजे तो ठीक आहे. तुमच्या हाका त्याला शाबासकी वाटतायत. तो समजतोय, आपण सगळे मिळून शिकार करतोय. लांब जाऊन गप्प बसा. बराच वेळ नाही आला तर परत फोन करा, मग काळजीपूर्वक उकरू."

अण्णांना हे पटेना. "पोरगं आत अडकलंय आन् आपुन गप बसायचं व्हय?" मी त्यांच्या हातातली कुदळ धरली. म्हटलं, "अण्णा, बसा. माझ्यासाठी बसा."

बसले. शेडच्या सावलीत आम्ही तिघं ओळीनं. लांब कुणाच्या तरी बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज. भुंग्याचं भुंकणं हळूहळू कमी झालं... आणि मग थांबलंच.

ती शांतता फार वाईट होती. अण्णा दोनदा उठायला गेले, दोन्ही वेळा सदातात्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अण्णा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "तुझ्या आईला एवढ्यात काय सांगू नगंस."

किती वेळ गेला मी बघितलं नाही. बिळाच्या तोंडाशी माती हलली. आधी शेपटी, मग मागचे पाय... पठ्ठ्या उलटा सरकत बाहेर आला. सगळा मातीचा गोळा, नाकावर ओरखडा, तोंडात काहीच नाही. अंग झाडलं आणि आमच्याकडं असं बघितलं की 'तुम्ही सगळे मधेच कुठं गेलात?'

मी त्याला उचलणार तोवर अण्णांनी उचललं होतं. डोक्यावरची पांढरी टोपी काढून ते त्याचे डोळे पुसत होते. "लय त्रास दिलास गड्या," एवढंच म्हणाले.

घरी नेऊन आधी स्वच्छ पाण्यानं त्याचे डोळे धुतले, कान बघितले, पंजांच्या बोटांमधली माती काढली. नाकाची जखम धुतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं नेलं. घुशी-उंदरांच्या मुतातनं लेप्टोचा संसर्ग होऊ शकतो, त्याची लस झालेली होती, ते बरं झालं. ज्यांच्याकडं टेरिअर आहे त्यांनी ही लस चुकवू नका, आणि मोकळ्या रानात पट्टा सोडू नका... कितीही गोड तोंड करू दे.

त्या रविवारी संध्याकाळी सांगलीला निघताना अण्णा गाडीपर्यंत आले होते. खिडकीतनं भुंग्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या खेपेला लांब दोरी आण. मीच धरून हिंडवतो ह्याला."

दहा मीटरची मागवली आहे. डॉक्टरांचे आभार फोनवर मानले, इथंही मानते. आपल्या माणसासाठी धावपळ करणं मला येतं... गप्प बसून त्याची वाट बघणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं.