घरी काय म्हणता यांना?

मी तिच्यावर जळायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. नगरमधल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत मी नर्स होते. खाटा सहा. मी केडगावाहून लुनावर यायचे. ती माझ्यानंतर चार वर्षांनी लागली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, किरकोळ अंगाची, हळू बोलणारी. शीर शोधण्यात माझा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले की तेही मलाच हाक मारत. पण शुद्धीवर आलेला पेशंट विचारायचा तिला.

याचं कारण चिकटपट्टी. नवा पेशंट आला की ती आधी बाहेर व्हरांड्यात जायची आणि नातेवाइकांना विचारायची, "घरी काय म्हणता यांना?" ते नाव पट्टीच्या तुकड्यावर पेनानं लिहून खाटेच्या उशाशी लावायची. केसपेपरवर नाव-आडनाव सगळं असायचं, पट्टीवर नुसतं नाना, भाऊ, माई. मग बेशुद्ध माणसाशीसुद्धा तिचं दिवसभर बोलणं चालू. "नाना, आता कूस बदलते हं. नाना, तुमची गाय व्याली, कालवड झालीय."

"सगळ्यांची बारशी घालत बसतेस," मी म्हणायचे. "त्यांना ऐकू तरी येतंय का?"

"नसेल येत तर आपलं काय जातंय, ताई?" ती हसून म्हणायची. तिच्या त्या हसण्याचासुद्धा मला राग यायचा.

एकदा नागापूरच्या कारखान्यातला एक कामगार आला आणि आल्या आल्या त्याचं हृदय थांबलं. त्याची छाती दाबून दाबून मी ते चालू केलं. दोन दिवस माझी मनगटं ठणकत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "त्या दुसऱ्या सिस्टर कुठं हायेत?"

"जेवायला गेल्यात," मी म्हटलं. ती शेजारच्याच खोलीत औषधं लावत होती.

आमच्याशीही तिचं वागणं तसंच. आयाबाईंचे पाय सुजले की बेडपॅन ती उचलायची. नव्या मुलींच्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायची. दिवाळीची ड्युटी तर दर वर्षी तिचीच. "आमच्यात दिवाळी नसते, ताई. तुम्ही जा, मुलं वाट बघत असतील." तिच्या घरचे बौद्ध. मी खुशाल घरी जायचे आणि भाऊबीजेनंतर करंज्यांचा डबा तिच्या हातात ठेवून मोकळी व्हायचे.

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं एकदाच काही मागितलं. "ताई, एप्रिलमध्ये जयंतीला गावी जाईन म्हणते. नोकरी लागल्यापासून एकदाही जमलं नाही. आई लई मागं लागलीय. माझी ड्युटी कराल त्या दिवशी?"

त्याच सकाळी त्या कामगाराची बायको पेढे घेऊन आली होती. माझ्या अंगावरून पुढं जाऊन तिनं पुडा हिच्या हातात दिला होता. मी म्हटलं, "मला नाही जमायचं. पाहुणे यायचेत."

पाहुणे वगैरे कोणी येणार नव्हते. "बरं," ती म्हणाली, आणि जयंतीच्या दिवशी कामावर आली. मिरवणुकीचा बॅंड दवाखान्याजवळ आला, तेव्हा पेशंटना त्रास नको म्हणून खिडकी तिनंच लावून घेतली. मी ते बघितलं आणि तापमानाचा तक्ता भरत राहिले.

त्या पावसाळ्यात तिला मलेरिया झाला. ताप मेंदूत गेला आणि आमच्याच चार नंबरच्या खाटेवर तिला आणून ठेवावं लागलं. शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. बाहेर व्हरांडा भरून गेला. बरे होऊन गेलेले पेशंट, त्यांच्या बायका, डबे, नारळपाणी. खोटं कशाला सांगू, तेव्हाही मी जळलेच. मी अशी पडले असते तर कोण आलं असतं? नवरा, आणि फार तर थोरली नणंद.

सलाईन लावताना माझं लक्ष तिच्या उशाकडं गेलं. पट्टी नव्हती. मी तुकडा कापला, पेन उघडलं, आणि मग कळलं की काय लिहायचं ते मला माहीत नाही. सहा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं.

तिची आई एसटीनं आली होती. भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "मावशी, घरी काय म्हणता हिला?"

"घरी आसती कुठं ती?" म्हातारी म्हणाली. "आली की कुनाचा ताप, कुनाचं बाळंतपन. समदं गाव सिस्टर म्हन्तं, आता मीबी तेच म्हन्ते. माज्या वाट्याला ती येतीच कुठं, बाई?"

म्हणजे हीसुद्धा जळत होती. आणि हिचा हक्क माझ्यापेक्षा किती मोठा.

कोरी पट्टी बोटाला चिकटवून मी आत आले. बेशुद्ध माणसाशी बोलायची मला लाज वाटत होती. सांगायला गायही नव्हती. शेवटी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "ऐक. पाहुणे येणार नव्हते. मी खोटं बोलले. पुढच्या जयंतीला तू गावी जा, तुझी ड्युटी मी करते."

मग तेच सांगत राहिले. कूस बदलताना, तोंड पुसताना, तिन्ही दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. पाणी मागतेय असं वाटून मी चमचा पुढं केला.

"नक्की ना, ताई?" ती म्हणाली.

मी तिथंच रडले, सगळ्यांदेखत.

पुढच्या एप्रिलमध्ये ती गावी गेली आणि तिची ड्युटी मी केली. दोन नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. दिवसभरात त्यांनी चार वेळा विचारलं, "ती पोरगी कुठं गेली?" चारही वेळा मला झोंबलं. चारही वेळा मी सांगितलं, "आईकडं गेलीय."

चौथ्यांदा आजींनी माझा हात थोपटला. "तुमीबी चांगल्याच हायेत. पन ती कवा येनार?"

"उद्या," मी म्हटलं, आणि त्यांच्या उशाची सुटत आलेली पट्टी दाबून पुन्हा चिकटवली.