वाणातल्या गोळ्या

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या काकीवर. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी चार ते सहा या वेळात, करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. साठेक बायका हजर होत्या. एकीलाही काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर दारातच उभी होते, वाण वाटत.

पत्रक कसं लिहायचं ते मला कॉलेजात शिकवलं गेलं. अन्याय कुणावर, कधी, कुणी केला, आता काय हवं. एक पान, मोठी अक्षरं, रडगाणं नाही. पाण्याच्या टँकरवर लिहिलं, बंद पडलेल्या दवाखान्यावर लिहिलं. हे तीन वेळा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा ‘कुणी’पाशी पेन थांबलं. म्हणून पत्रक राहू दे. जसं आठवतंय तसं लिहिते.

काकीला खरोखरच कमतरता होती. हे आधी सांगते, कारण नंतर लोक तेच विसरले. तिची साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी दहा-बारा वर्षांपासूनची. त्यात नातवाच्या आजारपणात ती देवीला नवस बोलली आणि मासळी-मटण सोडलं. खाडीकाठच्या आगरी घरातली बाई, मासळी गेली म्हणजे निम्मं ताट रिकामं. दूध तिला लहानपणापासून नको. तळपायाला मुंग्या यायला लागल्या, जीभ लालबुंद झाली. रक्त तपासलं तर बी-बारा तळाला गेलेलं. डॉक्टरांनी सांगितलं की साखरेच्या त्या गोळीनं वर्षानुवर्षांत असं होऊ शकतं, आणि ताटातूनही काही येत नाहीये. इंजेक्शनं दिली, मग रोजची एक गोळी. दोन-तीन महिन्यांत मुंग्या गेल्या.

“अगो, मी म्हनत व्हते पाय म्हातारं झालं,” काकी सगळ्यांना सांगत सुटली. “पाय कसलं म्हातारं! सुया कमी पडल्या व्हत्या.”

आमचा पाच जणींचा गट. बायकांचं रक्त आणि बायकांचं ताट, एवढाच विषय. काकीचं बघून आम्ही पेटलो. रोडपालीत, करंजाड्यात जिथे जावं तिथे तेच ऐकू यायचं: थकवा, तोंड येतं, हातापायाला मुंग्या. आणि उत्तर ठरलेलं, वय झालं. पस्तिशीत कसलं वय? मला संताप यायचा. त्या संतापात मी गटापुढे म्हटलं, यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या नकोत. वाण म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ. सगळ्या जणी टाळ्या वाजवून उठल्या.

एका मैत्रिणीच्या ओळखीच्या औषधवाल्यानं खोकी दिली. गोळीत बी-एक, बी-सहा आणि बी-बारा, तिन्ही होती. मी पाकिटावर मुदत बघितली. मागची बारीक अक्षरं वाचली नाहीत. पत्रक मीच लिहिलं. शेवटची ओळ होती: ‘ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. घाबरू नका!’ उद्गारचिन्ह माझंच. हे मी कुठे वाचलं होतं, ते आजतागायत शोधतेय. सापडत नाही. सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हटलं असणार.

हॉलमध्ये गंमत उडाली.

“हे काय वाण? वाटी नाय, चमचा नाय!” तळमजल्यावरच्या मावशी पाकीट उलटसुलट करत म्हणाल्या.

“ताकदीच्या गोळ्या आहेत, मावशी.”

“ताकद माझ्या सासूला देऊ नको गो. तिची कमी व्हायची असली तर सांग, दोन पाकिटं नेते.”

हशा पिकला. पण बऱ्याच जणींना गोळ्या नकोच होत्या. आणि वाण नाकारता येत नाही, टाकूनही देता येत नाही. सवाष्णीनं दिलेलं वाण कचऱ्यात टाकायचं म्हणजे काय! मग एकीनं सोय काढली. “यांना द्या, यांना गुण आलाय.” एकेक जण येऊन काकीच्या ओटीत पाकीट टाकत गेली. काकीचा चेहरा खुलला होता. घरी जाऊन तिनं लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा गोळ्यांनी भरला. डॉक्टरांची रोजची गोळी संपली होती, तिच्या जागी आता हीच.

“किती घेऊ गो रोज?” तिनं मला विचारलं.

“एक घे. दोन घेतल्यास तरी काही होत नाही, काकी. जास्तीचं निघून जातं.”

हे वाक्य मी उभ्या-उभ्या, चपला घालता घालता बोलले.

गणपतीच्या आसपास मुंग्या परत आल्या. आता सगळ्यांना कळेल अशी गोष्ट: पायाला मुंग्या म्हणजे कमतरता, कमतरतेला गोळी. काकी दोनावर गेली, मग तीनवर. डबा संपत आला तशी मीच गटाकडची उरलेली खोकी नेऊन दिली. मीच. मुंग्या वाढल्या. गल्लीतल्या दवाखान्यात गेली, तिथून नसांसाठी म्हणून वेगळी कॅप्सूल मिळाली. डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी काही औषध चालू आहे का? काकी म्हणाली, साखरेची गोळी, बस. खोटं बोलली नाही ती. तिच्या लेखी ते वाण होतं. वाण म्हणजे औषध नव्हे.

एके दिवशी बाजारातून आली ती एका पायात चप्पल घालून. जिन्यात सगळे हसले. तीही हसली. मी विचारलं, दुसरी कुठाय? तिनं खाली पायाकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. “निघाली कवा ते कललंच नाय.” त्या आठवड्यात तांदळाची भाकरी हातावर थापताना तिला पिठाचा अंदाज येईना. जाड-पातळ, फाटकी भाकरी. हाताकडे डोळे लावून थापली तर जमे, नजर हटली की बिघडे. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जाई, मग भिंत धरायची. या बाईनं मिठागरात अनवाणी काम केलेलं. डोळे मिटून चालायची बांधावरून.

मी भांडायला तयार होते. कुणाशी, ते ठरायचं होतं. बी-बारा पुन्हा घसरलं, इंजेक्शनं कमी दिली, गरीब बाई बघून टोलवली, असं सगळं डोक्यात लिहून मी तिला पनवेलमधल्या नसांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधीच फोनवर सांगितलं होतं, घरात असेल ते सगळं आणा, पावडर, टॉनिक, काहीही. म्हणून काकीनं डबाच आणला.

डॉक्टरबाईंनी टाचणी घेऊन पाय तपासले. काकीला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला. “आता वर आहे की खाली, मावशी?” काकी म्हणाली, “वर.” अंगठा खाली होता. मला रडू आलं नाही, राग आला. रागाचं मला बरं जमतं.

मग त्यांनी डबा उपडा केला आणि पाकिटं एकेक करून मागून वाचायला मला लावली. पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-सहा, शंभर मिलिग्रॅम. दुसरं पाकीट, तेच. ती नसांची कॅप्सूल, तिच्यातही तेच.

“दिवसाला माणसाला साधारण दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं,” त्या म्हणाल्या. “या किती महिने, किती घेतायत, तूच बेरीज कर. यांना बी-बारा कमी होतं, ते खरंच. बी-सहा कमी असल्याचं कुणी म्हटलं होतं?”

“पण मुंग्या तर कमतरतेनं येतात!”

“कमतरतेनं येतात. बी-सहाच्या अतिरेकानंही येतात. बाहेरून सारख्याच दिसतात.”

“जास्तीचं लघवीतून जातं ना?”

“कुणी सांगितलं?”

 काकीनं मोठ्या अभिमानानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “लिवलंय ना त्यात, डॉक्टरबाय. हिनंच लिवलंय.”

डॉक्टरबाईंनी माझं पत्रक शांतपणे वाचलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. बी-बाराची पातळी तपासायला लिहून दिली, ती नंतर चांगली आली. मिश्र गोळ्या आणि ती कॅप्सूल बंद, नुसती बी-बाराची गोळी सांगितलेल्या मापात, साखरेची गोळी मनानं थांबवायची नाही, तीन महिन्यांनी परत दाखवायचं. पाय परत येतील का, असं काकीनं विचारलं. “बहुतेक बरंचसं परत येतं. वेळ लागतो. सगळं येईल असं मी लिहून देऊ शकत नाही.”

रिक्षात काकी माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता शिव्या येणार. ती म्हणाली, “गो, मी किती जनींना सांगितलं, घ्या म्हनून. त्यांचं काय?”

दुसऱ्या दिवशी ती कठडा धरून माझ्याबरोबर मजले चढली. दारोदार. आणि तिथे माझा पुरता गोंधळ झाला. एका घरात पाकिटं तशीच देवघरात ठेवलेली, हळदकुंकू लावून. दुसऱ्या घरातली बाई काकीची गोष्ट ऐकून इतकी घाबरली की डॉक्टरांनी तिला लिहून दिलेली बी-बाराची गोळीही तिनं आमच्यासमोर खिडकीतून भिरकावली. तिचीही जीभ लाल होती. आपटा गावाहून गटातल्या मैत्रिणीचा फोन आला: वीटभट्टीवरची एक पोटुशी बाई लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेईना, कारण ‘गोळ्यांनी पाय जातात’ अशी बातमी माझ्याआधी तिथे पोचली होती. ती मैत्रीण तीन दिवस तिच्या झोपडीपाशी बसली, नर्सला घेऊन गेली, तेव्हा कुठे त्या सुरू झाल्या.

मग मी लिहू काय? ‘घ्या’ लिहिलं तर काकी होते. ‘घेऊ नका’ लिहिलं तर ती भट्टीवरची बाई होते. मोठ्या अक्षरात, एका पानात, उद्गारचिन्हासह मावेल असं सत्य मला सापडत नाहीये. औषधवाल्यानं फुकट दिलं, त्याचा दोष? डॉक्टरांनी विचारलं होतं, त्यांचा? वाणाला नाही म्हणता येत नाही, त्या रीतीचा? गटात यावर आम्ही भांडलो. एक जण म्हणाली, तुझा दोष आहे आणि तू तो वाटून टाकतेयस. खरं असेल. पण नुसतं माझ्या नावावर टाकूनही काकीच्या पायाला काही कळत नाही.

आज सकाळी गेले होते तिच्याकडे. डाव्या तळव्याला फरशीचा गारवा कळतो म्हणाली. उजव्याला अजून नाही. भाकरी नजर लावूनच थापते. मी तिच्या हातातून पीठ घ्यायला गेले तर मनगटावर चापट मारली. “हात मोडलं नाय माजं. तू जा, लोकांना सांग नीट.”

नीट सांगायचं तर एवढंच येतंय, आणि हे मी तुम्हाला विनंती म्हणून सांगत नाहीये. उठा. घरातली जीवनसत्त्वाची, ताकदीची, नसांची सगळी पाकिटं एका जागी आणा, तुमची आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. मागची बारीक अक्षरं वाचा. बी-सहा किती पाकिटांत आहे आणि दिवसाला मिळून किती होतं, ते कागदावर मांडा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: माझ्यात नेमकं काय कमी आहे, कुठल्या तपासणीत दिसलं, कुठली गोळी किती दिवस घ्यायची आणि थांबायचं कधी? त्यांनी लिहून दिलेलं मनानं बंद करू नका. त्यांनी लिहून न दिलेलं मनानं चालू ठेवू नका. आणि पायाला मुंग्या येत असतील तर आणखी एक गोळी तोंडात टाकण्याआधी, आजच जा.